सोयरीक जुळवणारे फासे

लोककथेत लग्न शेवटी येतं. राक्षस मरतो, राजकन्येचा हात मिळतो, सोबत अर्धं राज्य मिळतं आणि कहाणी सुफळ संपूर्ण होते. टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांनी हा शेवट जसाच्या तसा उचलला आहे. या खेळांत प्रत्येक खेळाडू एकेक पात्र वठवतो, गेममास्टर म्हणजे सूत्रधार उरलेलं सगळं जग सांभाळतो, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. अशी एक सलग कहाणी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालते. तिला कॅम्पेन म्हणतात. कॅम्पेनमध्ये एखादं राज्य उभं राहिलं की राजघराण्यातल्या लग्नाचा विषय निघतोच, आणि पुष्कळदा तो पराक्रमाचं बक्षीस म्हणून उरकला जातो. माझं म्हणणं असं की राज्याच्या खेळात लग्न शेवटाला ढकललं तर हाती असलेला सर्वांत कसदार प्रसंग वाया जातो. त्याची जागा खेळाच्या मधोमध आहे, कारण इथे खेळाडूला एकट्याच्या बळावर काहीच मिळवता येत नाही. समोरच्या घराण्यालाही काहीतरी हवं असतं, समोरच्या माणसाला स्वतःची इच्छा असते, आणि निर्णयाचं फळ दिसायला वीस वर्षं लागतात.

लग्नाला ही मधली जागा आधी का मिळाली नाही याचं उत्तर या खेळांच्या जन्मात आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला तो छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. त्यात योद्धा नवव्या पातळीला पोचला की गढी बांधून आसपासच्या मुलखाचा धनी होऊ शकत असे. म्हणजे राज्य यायचं ते कर्तबगारी गाजवून झाल्यावर. पुढे राज्यकारभारालाच मध्यभागी ठेवणारी कॅम्पेनं आली. पायझो कंपनीचं ‘किंगमेकर’ २०१० साली आलं. त्यात रानटी मुलूख षट्कोनी तुकड्यांत मोजून वसवायचा असतो. याच धर्तीच्या नियमांचा विस्तार २०१३च्या ‘अल्टिमेट कॅम्पेन’ या पुस्तकात झाला, आणि तिथे राजाच्या जोडीदाराला दरबारातलं स्वतंत्र पद मिळालं. पण त्या पदाचं मुख्य काम प्रजेच्या निष्ठेच्या आकड्यात थोडी भर घालणं एवढंच. राणी कोणत्या घरातून आली, तिच्या माहेरचं कोणाशी वैर आहे, तिला हे लग्न हवं होतं का, याबद्दल आकडा काही बोलत नाही. नियम चुकीचा आहे असं नाही. तो फार लवकर थांबतो.

जो खेळ थांबला नाही तो ग्रेग स्टॅफर्ड यांचा ‘किंग आर्थर पेंड्रॅगन’. केऑसियम कंपनीने तो १९८५ साली प्रसिद्ध केला. आर्थर राजाच्या ब्रिटनमध्ये खेळाडू नाइट होतात, आणि साधारणपणे वर्षाला एकच मोहीम होते. मग येतो हिवाळा, आणि या हिवाळ्यातच खेळाचा खरा जीव आहे. शेतीचं उत्पन्न किती आलं, घोडी जगली की मेली, नातलगांत काय घडलं, लग्न जुळलं का, मूल झालं का, बाळंतपणात आई वाचली का, हे सगळं फाशांवर ठरतं. जहागिरीचं पीकपाणी नीट राहावं म्हणून घरधनिणीचं कारभाराचं कौशल्य वापरलं जातं. नवरा उन्हाळाभर लढाईवर असताना वाडा ती चालवते. पात्राची ‘कीर्ती’ आकड्यांत मोजली जाते आणि तिचा दहावा हिस्सा वारसाला मिळतो. पस्तिशी उलटली की दर हिवाळ्याला वार्धक्याचे फासे टाकावे लागतात आणि शरीर झिजू लागतं.

या नियमांतून जे गणित तयार होतं ते कोणत्याही भाषणापेक्षा जास्त शिकवतं. समजा, नाइट एकवीस वर्षांचा असताना खेळ सुरू झाला. फासे टाकून मिळेल ती सामान्य घरातली वधू त्याने पत्करली तर पदरात थोडा हुंडा पडेल, पण तिशीच्या आत घरात मूल खेळू लागेल. त्याऐवजी दोन-तीन जहागिरींची वारसदार असलेली मुलगी त्याला हवी असेल, तर तिचं लग्न सामंताच्या हातात असतं. त्याची वर्षानुवर्षं चाकरी करून मर्जी संपादन करावी लागते. थांबायला हरकत नाही, पण तिशीला लग्न झालं आणि लगोलग मुलगा झाला तरी तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत बाप बावन्न वर्षांचा होतो. मधल्या काळात सॅक्सन शत्रूचा एखादा भाला लागला तर पोरकं पोर सामंताच्या पालकत्वाखाली जातं. २००६ साली प्रसिद्ध झालेलं ‘ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन’ इसवी सन ४८५पासून सुमारे ऐंशी वर्षांचा पट वर्षागणिक मांडतं. एक पात्र एवढं जगू शकत नाही. खेळाडू खरोखर खेळतो ते घराणं, आणि घराण्याचा प्रत्येक धागा कुठल्यातरी लग्नाला बांधलेला असतो.

आता प्रणयाकडे वळू. पेंड्रॅगनमध्ये स्वभावगुणांच्या तेरा जोड्या असतात: संयमी आणि कामुक, क्षमाशील आणि सूडबुद्धीचा, विनम्र आणि गर्विष्ठ, असे. प्रत्येक जोडीची बेरीज वीस, म्हणजे एक बाजू वाढली की दुसरी घटते. त्याखेरीज निष्ठा, कुटुंबप्रेम, वैर, एखाद्या स्त्रीविषयीची ओढ अशा उत्कट भावनांनाही आकडे असतात. युद्धात त्या भावनेला साद घातली आणि वीस बाजूंच्या फाशाने साथ दिली तर नाइट नेहमीपेक्षा कितीतरी सरस लढतो. फासा उलटला तर तो विषण्ण होतो, आणि फारच वाईट पडला तर वेडा होऊन रानात निघून जातो. टॉमस मॅलरीने लिहिलेल्या आणि विल्यम कॅक्स्टनने १४८५ साली छापलेल्या आर्थरकथेत लान्सलॉटचं हेच होतं. महत्त्वाचं हे की पत्नीविषयीचं प्रेम आणि आराध्य स्त्रीविषयीची ओढ या खेळात वेगळ्या भावना आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआस कॅपेलॅनस याने प्रेमावर जो लॅटिन ग्रंथ लिहिला, त्यात लग्न झालंय ही प्रेम न करण्याची सबब होऊ शकत नाही असा नियम सांगितला आहे. दरबारी प्रेम आणि घराण्याची सोयरीक यांच्यातला हा ताण मध्ययुगीन साहित्याने शतकानुशतकं जपला. गेममास्टरने दोन्हींना एकाच गोड प्रेमकथेत विरघळवलं तर तो ताणच नाहीसा होतो.

यावर पहिली हरकत येते ती साहजिक आहे: माझ्या पात्राने कोणावर प्रेम करावं हे फाशाने का ठरवावं? ही हरकत मी गंभीरपणे घेते. रोलप्लेइंगचा सगळा आनंद निर्णयाच्या स्वातंत्र्यात आहे. पण फासे इथे निर्णय हिरावत नाहीत. निर्णयाची किंमत ठरवतात. लग्न करायचं का, कोणाकडे मागणी घालायची, किती वर्षं थांबायचं, हे खेळाडूच्याच हातात राहतं. आपला स्वभाव मात्र आपल्या पूर्ण ताब्यात नसतो, आणि मूल होणं तर नाहीच नाही. फ्रान्सच्या सातव्या लुईला ॲक्विटेनच्या एलेनॉरपासून दोन मुलीच झाल्या. मार्च ११५२मध्ये जवळच्या नात्याचं कारण दाखवून ते लग्न रद्द ठरलं आणि फ्रान्सच्या नैर्ऋत्येचा प्रचंड मुलूख तिच्याबरोबर निघून गेला. ती आपल्या प्रदेशाकडे परतत असताना दोन सरदारांनी तिला वाटेत पळवून नेऊन बळजबरीने लग्न लावण्याचा घाट घातला. ती निसटली आणि जेमतेम आठ आठवड्यांत तिने नॉर्मंडीच्या हेन्रीशी लग्न केलं. नात्याने तो लुईपेक्षाही जवळचा होता. दोन वर्षांनी हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि एलेनॉरला त्याच्यापासून पाच मुलगे झाले. या हकिगतीत फासा आणि निर्णय हातात हात घालून चालतात. एकाला काढलं तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही.

गेममास्टरच्या दृष्टीने अशा लग्नांचा सर्वांत उपयोगी भाग करारानंतर सुरू होतो. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. २३ जून १६६१च्या तहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रगँझा हिचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबई आली. कागदावर व्यवहार पूर्ण झाला. प्रत्यक्षात १६६२ साली अब्राहम शिपमन सैन्य घेऊन आला तेव्हा इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा द्यायला नकार दिला. हुंड्यात एकच बेट की साष्टीसह आजूबाजूची बेटंही, यावरून वाद पेटला. इंग्रज शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तळ ठोकून राहिले आणि तिथे रोगराईने त्यांचे हाल झाले. शिपमनही तिथेच वारला. ताबा मिळाला १६६५ साली, आणि १६६८मध्ये चार्ल्सने हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्यावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. एका राजघराण्यातल्या लग्नाने समुद्रापल्याड, वधूने कधी न पाहिलेल्या गावात, कोणाची माणसं मरतात आणि कोणाचं नशीब फळफळतं, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा प्रसंग मला दुसरा सापडत नाही. खेळात राजकन्येचा हुंडा म्हणून एखादा किल्ला द्यायचा असेल तर त्या किल्ल्याच्या किल्लेदाराला विचारून पाहावं. पुढच्या पाच बैठकींचा ऐवज त्याच्या नकारात आहे.

दुसरी हरकत जास्त अवघड आहे. मध्ययुगीन सोयरिकीत मुलीची देवघेव मालमत्तेसारखी व्हायची. आजच्या टेबलावर, जिथे मुली आणि मुलगे बरोबरीने खेळतात, तिथे हे कशाला आणायचं? आणायचं असेल तर ते उघड्या डोळ्यांनी आणावं, असं मला वाटतं. त्या काळच्या स्त्रिया निमूटपणे वाटल्या जात होत्या ही समजूतही अपुरी आहे. १२१५च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या सनदेत विधवेला तिच्या इच्छेविरुद्ध लग्न करायला भाग पाडता येणार नाही असं कलम आहे. त्याच कलमात सामंताच्या संमतीशिवाय ती लग्न करणार नाही अशी हमीही तिच्याकडून मागितली आहे. हा हक्क मुद्दाम लिहून घ्यावा लागला यावरून तो किती तुडवला जात होता हे कळतं, आणि त्यासाठी झगडा होत होता हेही कळतं. ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेनमध्ये आर्थरचा बाप उथर राजा मेल्यावरच्या अराजकात सॅलिस्बरीचा कारभार काउंटेस एलेन या विधवेकडे येतो. मुलगा लहान, सॅक्सन दाराशी, आणि खेळाडूंचे नाइट तिचे सल्लागार. तिथे लग्नाचा प्रत्येक विचार हा राज्य वाचवण्याचा विचार असतो, आणि अंतिम शब्द तिचा असतो. अशा पात्राला स्वतःची इच्छा, स्वतःची भीती आणि ‘नाही’ म्हणण्याची ताकद दिली की सोयरीक बाजार राहत नाही. स्त्री नाइट खेळायची वाटही आता मोकळी आहे.

टेबलावरच्या अवघडलेपणाचं काय? मित्रांसमोर प्रेमाचे संवाद बोलायला अनेकांना संकोच वाटतो आणि तो रास्त आहे. यावर या क्षेत्राने चांगले उपाय काढले आहेत. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ साली मांडलेल्या कल्पनेनुसार गट आधीच ठरवतो की कोणत्या गोष्टी खेळात येणारच नाहीत आणि कोणत्या पडद्याआड घडतील. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांच्या ‘एक्स-कार्ड’ने तर कोणालाही कारण न देता प्रसंग थांबवता येतो. शिवाय राजघराण्यातली मागणी बहुधा दूतांमार्फत जाते. खेळाडूने प्रेमपत्र वाचून दाखवलंच पाहिजे असं नाही. त्याने वाटाघाटी केल्या, भेटवस्तू निवडली, मेजवानीत कोणाला कोणाशेजारी बसवायचं ते ठरवलं, तरी प्रणयाचं नाट्य पुरेपूर उभं राहतं.

आणि ज्यांना फक्त लढाया हव्यात त्यांना आर्थरच्या लग्नाकडे बोट दाखवता येईल. मॅलरीच्या कथेत गोलमेज आर्थरने बनवून घेतलेलं नाही. ते त्याची राणी ग्विनिव्हिअर हिच्या वडिलांनी, राजा लिओडग्रान्सने, शंभर नाइटांसकट लग्नात दिलं. जादूगार मर्लिनने आधीच बजावलं होतं की हिचं मन लान्सलॉटवर जडेल. आर्थरने ऐकलं नाही. ज्या सोयरिकीने त्याला त्याची सगळ्यात मोठी फौज दिली, तिनेच पुढे ती फौज दुभंगली. ग्विनिव्हिअरला त्याच्यापासून वारस झाला नाही. झाला तो अजाणतेपणी बहिणीपासून झालेला मॉर्ड्रेड, आणि शेवटच्या लढाईत दोघांनी एकमेकांना घायाळ करून संपवलं. पेंड्रॅगनचं दीर्घ कॅम्पेन याच लढाईशी येऊन ठेपतं. तोवर खेळाडूंनी प्रत्येक हिवाळ्यात मुलांसाठी फासे टाकलेले असतात, सुना आणल्या असतात, जावयांशी भांडणं मिटवली असतात. राजाच्या पश्चात गादी जाते ती कॉर्नवॉलच्या कॅडरच्या मुलाकडे, कॉन्स्टंटाइनकडे. त्याला मान द्यायचा की स्वतःच्या घराण्याचा दावा पुढे करायचा, हे त्या टेबलावरच्या नातवंडांनी ठरवायचं असतं, आणि कोणाचा दावा टिकेल हे त्यांच्या आज्यांच्या लग्नांवर अवलंबून असतं.