मेंदूतील रक्तस्रावानंतरचे मन

मेंदूतील रक्तस्रावातून माणूस वाचून घरी आला, काठी टेकून चालू लागला, म्हणजे आप्तेष्ट त्यास बरा झाला असे समजतात. आम्हीही तसेच समजलो. आमचे वडील बंधू अण्णा यांस २०१९ साली हा आघात झाला. चार महिन्यांनी ते बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या पेढीवर येऊन बसू लागले; परंतु ज्यांच्या एका शब्दावर सौदे ठरत, ते गिऱ्हाइकाकडे मान वर करून पाहीनात. कोणी नुसता चहा पुढे केला तरी डोळ्यांना धारा. एकदा चारचौघांत आम्ही त्यांस "मनावर घेतले तर काय होत नाही?" असे सुनावले. त्या बोलण्यातील चूक कळावयास आम्हांस वर्ष लागले.

मेंदूच्या गाभ्यात होणाऱ्या रक्तस्रावाचे मूळ पुष्कळदा वाढलेल्या रक्तदाबात असते. कवटी पडली हाडाची. साचलेले रक्त भोवतालच्या पेशींस दाबते. पुढे काही दिवसांत तांबड्या पेशी फुटून त्यांतील लोह मोकळे होते आणि एरवी शरीरास पोषक असलेले हेच लोह तेथे विषासमान ठरते. हातपाय का लुळे पडतात हे एवढ्यावरून समजते. मनाचे काय?

मेंदूतील पेशी परस्परांस निरोप देतात ते बहुतांशी रसायनांच्या द्वारे. मनाची स्थिती व झोप यांत सेरोटोनिनचा, सावधपणात नॉरएड्रेनालिनचा आणि एखादी गोष्ट करण्याच्या उमेदीत डोपामिनचा मोठा वाटा असतो. ही द्रव्ये निर्माण करणाऱ्या पेशी थोड्या, त्याही मुख्यतः मेंदूच्या देठात. त्यांचे तंतू मात्र मेंदूभर पसरलेले. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर कोठार एक आणि पेठा अनेक. वाटेवरचा पूल कोसळला म्हणजे दूरच्या पेठेतही टंचाई पडते, आणि तेथील दुकानदाराचा त्यात काडीचा दोष नसतो! रडणे-हसणे आवरणारे मार्ग तुटले तर मनात दुःख नसतानाही रडू कोसळते. अर्थात सर्वच रसायनांवर ढकलणे बरोबर नव्हे. परावलंबन, न जाणारा थकवा आणि गेलेला मान यांचे दुःख खरेच असते. अशा आघातानंतर साधारण तिघांत एकास केव्हा ना केव्हा खिन्नतेचा विकार जडतो.

मग सेरोटोनिन वाढविणारी गोळी सर्वांसच का देऊ नये? ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या ३,१२७ रुग्णांवर, ज्यांत रक्तस्रावाचेही काही होते, हा प्रयोग झाला व २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांस सहा महिने फ्लुओक्सेटिन दिले, निम्म्यांस औषध नसलेली तशीच गोळी. खिन्नतेचे नवे रुग्ण शेकडा १७ वरून १३ वर आले. परंतु चालणे-फिरणे व नित्यव्यवहार यांत अधिक सुधारणा झाली नाही, आणि हाडे मोडण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. शिवाय अशा औषधांत पुन्हा रक्तस्राव होण्याची शक्यताही पाहावी लागते. म्हणून ज्यास विकार जडला आहे त्यासच, डॉक्टरांनी तोलून मापून ते द्यावे.

अण्णांस औषध सुरू झाले. ते तपासणीखाली चालू आहे. सकाळी तासभर ते पेढीवर येतात आणि शाळूचा नमुना तळहातावर घेऊन ओल किती हे अचूक सांगतात. मध्येच रडू आले तर आम्ही कारण विचारीत नाही. क्षणभर थांबतो आणि पुढील पोत्याचा नमुना त्यांच्या हाती देतो.