फायबरचे खोड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

काचेचे किंवा कार्बनचे धागे रेझिनमध्ये भिजवून साच्यावर थरावर थर चढवले, की चर्मवाद्याचे खोड घडते. अमेरिकेत फाइब्स कंपनीने १९६० च्या दशकातच फायबरग्लासचे ड्रम बाजारात आणले. कोंगा आणि टिंपनी या वाद्यांतही हे साहित्य रुळले आहे.

अशा खोडाला सरसकट ‘प्लास्टिकचे’ म्हटले जाते. लुडविगचे १९७२ चे पारदर्शक व्हिस्टालाइट ड्रम खरोखर प्लास्टिकचे, म्हणजे अॅक्रिलिकचे होते; त्यांत धागे नव्हते. फायबरच्या खोडात ताण धागे पेलतात आणि रेझिन त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. मेपलचे नावाजलेले ड्रमही बहुधा अखंड लाकडाचे नसतात. लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवूनच ते बनतात. तत्त्व दोन्हीकडे एकच.

सर्वांत खोलवर रुजलेला समज असा, की वाद्याचा आवाज म्हणजे खोडाच्या लाकडाचा आवाज. प्रत्यक्षात थाप पडते पुडीवर, म्हणजे तोंडावर ताणलेल्या पडद्यावर, आणि मुख्यतः कंप पावते तीच. स्वर ठरतो तो पुडीचा व्यास, वजन, ताण आणि आतली हवा यांवर. मृदंग आणि तबल्याचा सुरेल नाद शाईमुळे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपामुळे, येतो: शाईच्या भारामुळे उपस्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्णांक पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. बंगळुरूचे मृदंगवादक के. वरदरंगन यांनी कृत्रिम पुड्यांचा, फायबरग्लासच्या खोडाचा मृदंग घडवला.

पण म्हणून खोड गौण ठरत नाही. ताठ खोड पुडीची ऊर्जा कमी शोषते आणि नाद रेंगाळतो. पुडी टेकते तो खोडाचा काठ बोथट की धारदार, यानेही आवाज पालटतो. लाकूड आणि फायबर यांची तुलना करताना पुडी, काठ आणि ताण तिन्ही सारखे हवेत. बहुतेक तुलनांत ते तसे नसतात, त्यामुळे त्यांतून काढलेले निष्कर्ष फारसे भरवशाचे नाहीत.

फायबर लाकडापेक्षा हलके, हेही अर्धसत्य आहे. मेपलची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.७ ग्रॅम, कार्बन फायबरच्या थरांची सुमारे १.५ आणि ग्लास फायबरच्या थरांची त्याहून जास्त. खोड हलके होते ते भिंत पातळ ठेवता येते म्हणून. मात्र फार पातळ भिंत स्क्रू बसतात तिथे वाकते, म्हणून तेवढ्या भागात जादा थर द्यावे लागतात.

घडवताना जास्त रेझिन ओतल्याने मजबुती वाढत नाही. जादा रेझिनने वजन आणि ठिसूळपणाच वाढतो. व्हॅक्यूम बॅगमध्ये दाब देऊन ते निपटून काढतात. इपॉक्सी रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून ठरल्यापेक्षा जास्त हार्डनर घातला, तर थर मऊच राहतो.

हवामानाचा काहीच परिणाम होत नाही, असेही नाही. पावसाळ्यात खोड फुगत नाही, पण कातडी पुडी उतरतेच. इपॉक्सी उन्हाने पिवळे पडते आणि बंद गाडीतल्या उकाड्यात नरम होऊ शकते.

तयार खोड सुरक्षित असले, तरी ते कापताना आणि घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना आणि त्वचेला घातक असते. हे काम चांगला मास्क, चष्मा, हातमोजे आणि खेळती हवा असल्याशिवाय कोणीही करू नये.