घरगुती विद्युत्-जनित्राची शक्ती कशी मोजावी

ज्या शेतकऱ्याच्या शिवारातून ओढा वाहतो व ओढ्यास चांगला उतार आहे, त्यास स्वतःच्या हाताने वीज तयार करून पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. जुन्या मोटारगाडीचे जनित्र, लोहाराकडून करवून घेतलेले पाण्याचे चाक व एक पट्टा एवढ्या सामग्रीवर दिवा लागतो आणि पाहणाऱ्यास समाधान वाटते. परंतु दिवा लागला एवढ्यावरून यंत्र चांगले ठरत नाही. पाण्याने किती शक्ती दिली आणि त्यांपैकी किती शक्ती विजेच्या रूपाने हाती आली, हे मोजले म्हणजेच पुढे पैसा घालावा की नाही याचा निर्णय करता येतो.

पाण्याची शक्ती

प्रथम पाण्याचा प्रवाह मोजावा. नळातून येणारे सर्व पाणी 200 लिटरच्या पिंपात सोडून ते भरण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे. हे पाच वेळा करून सरासरी काढावी. समजा, पिंप 40 सेकंदांत भरले; तर प्रवाह दर सेकंदास 5 लिटर झाला. नंतर वरच्या पाण्याची पातळी व नळाचे तोंड यांमधील उभे अंतर मोजावे. उताराच्या बाजूने मोजलेली नळाची लांबी येथे उपयोगाची नाही. हे अंतर 4 मीटर असल्यास 5 × 4 × 9.8 म्हणजे 196 वॅट ही पाण्याची शक्ती होय. यापेक्षा अधिक वीज त्या पाण्यातून कोणत्याही युक्तीने निघणार नाही.

चाकाची शक्ती

चाकाच्या आसाची शक्ती दोरीच्या रोधकाने मोजतात. आसावरील कप्पीखालून दोरी घेऊन तिची दोन्ही टोके वरच्या चौकटीस टांगलेल्या दोन ताणकाट्यांस बांधावीत. चाक फिरू लागले की एका काट्यावर ताण वाढतो व दुसऱ्यावर कमी होतो. जनित्र जोडलेले असताना चाक ज्या वेगाने फिरते, त्याच वेगावर ते येईपर्यंत दोरी आवळावी आणि मग दोन्ही काटे वाचावेत. समजा, एक काटा 5 किलो व दुसरा 1 किलो दाखवितो. फरक 4 किलो. कप्पीची त्रिज्या 0.10 मीटर आणि फेरे मिनिटास 300, म्हणजे सेकंदास 5 आहेत. तर 4 × 9.8 × 0.10 × 6.28 × 5 असा गुणाकार करून सुमारे 123 वॅट येतात. घर्षणाने कप्पी तापते. म्हणून तिजवर पाणी शिंपडावे, तसेच सैल कपडे व लहान मुले दूर ठेवावीत.

विजेची शक्ती

आता पट्टा चढवून जनित्रावर मोटारगाडीचा 12 व्होल्टचा दिवा जोडावा. दिवा जळत असतानाच व्होल्ट व अँपिअर एकाच वेळी वाचावेत. 12.5 व्होल्ट व 4 अँपिअर आल्यास गुणाकार 50 वॅट होतो.

येथे तीन चुका वारंवार घडतात. काही जण भार न जोडता व्होल्ट मोजतात, तारा एकमेकींस टेकवून अँपिअर मोजतात व त्या दोहोंचा गुणाकार करतात. हा आकडा निव्वळ खोटा असतो; कारण पहिल्या स्थितीत प्रवाह नसतो आणि दुसऱ्या स्थितीत दाब जवळजवळ शून्य असतो. दुसरी चूक म्हणजे जनित्रातील चुंबक जागृत ठेवण्यासाठी बॅटरीतून वीज खर्च होत असल्यास ती वजा न करणे. तिसरी चूक मापकाची आहे. वीज एकसारखी न वाहता धक्क्याधक्क्याने येत असल्यास साधे मापक फसवू शकते.

अशी शंका आल्यास पाणी तापवून पाहावे. तारेचे वेटोळे एक लिटर पाण्यात बुडवून भांडे भुश्यात ठेवावे व दहा मिनिटे वीज सोडावी. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढण्यास सुमारे 4,186 जूल लागतात; म्हणून 50 वॅटने तापमान सुमारे 7 अंश सेल्सिअस वाढले पाहिजे. थोडी उष्णता बाहेर जातेच, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ किंचित कमी दिसेल.

कार्यक्षमता

196 वॅटपैकी 123 वॅट आसावर आले, म्हणजे चाकाची कार्यक्षमता शेकडा 63 झाली. 123 पैकी 50 वॅट वीज झाली, म्हणजे पट्टा व जनित्र मिळून शेकडा 41. एकूण कार्यक्षमता शेकडा 26 इतकीच येते. यावरून दोष कोठे आहे ते कळते. या उदाहरणात चाक बरे आहे. सुधारणा पट्ट्याचा ताण, कप्प्यांचे प्रमाण व जनित्र यांत केली पाहिजे. केवळ दिवा पाहून चाक मोडून नवे करविणारा आपला पैसा व्यर्थ दवडील.

50 वॅट अखंड मिळाले, तर दिवसास 1.2 युनिट वीज होते. तीवर 9 वॅटचे पाच एलईडी दिवे चालतील. परंतु 3 अश्वशक्तीचा पंप अर्धा तासही चालणार नाही. प्रवाह उन्हाळ्यात आटतो, म्हणून हे मोजमाप चैत्र-वैशाखातही करावे. तसेच असे जनित्र वीज मंडळाच्या तारांस कधीही जोडू नये. त्यामुळे तारांवर काम करणाऱ्याच्या जिवास धोका पोहोचतो.

फसवणुकीपासून सावध

जनित्राची वीज मोटारीस देऊन तीच मोटार जनित्र फिरवील आणि शिवाय घरासही वीज पुरवील, असे यंत्र दाखवून पैसे मागणारे लोक भेटतात. प्रत्येक टप्प्यावर शक्ती घटते, हे वरील आकड्यांवरून दिसून आलेच आहे. असे यंत्र कधीही स्वतःवर चालणार नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशा वेळी वाद घालू नये. बॅटरी व बाहेरील सर्व तारा सोडवून, दिवा जोडून यंत्र एक तास चालवून दाखविण्यास सांगावे. पिंप, घड्याळ, ताणकाटा व मापक एवढी साधने जवळ असलेल्या शेतकऱ्याची साठविलेली पुंजी अशा यंत्रापायी बुडणार नाही.