घर विकायची घाई नको

"काय गं, विकून टाकावं का हे घर?" नागरी निवारातल्या शेजारच्या काकूंनी परवा मेथी निवडता निवडता विचारलं. मुलगा जर्मनीत, मुलगी लंडनला. दोघंही म्हणतात, "आता इकडेच या." मृणालताई गोरेंच्या लढ्यातून दिंडोशीत उभ्या राहिलेल्या या वसाहतीत काका-काकूंचा सारा संसार झाला.

मैत्रिणींनो, बोलावणं मुलांचं असलं तरी दार तिथल्या सरकारचं असतं. पाहुणे म्हणून गेलं तर जर्मनीत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. ब्रिटनने २०१२ पासून नियम फारच कडक केले. आईवडिलांना रोजच्या देखभालीची कायमची गरज आहे आणि ती भारतात पैसे मोजूनही मिळत नाही, हे सिद्ध करावं लागतं. रोज बागेत फेऱ्या मारणाऱ्या काकूंना ते कसं जमणार? जर्मनीत राहण्याचा पहिला परवाना १ मार्च २०२४ पासून पुढे मिळालेल्या कुशल नोकरदारांना आईवडील नेता येतात, पण त्यांचा आरोग्य विमा हवाच आणि या वयात तो मिळणं महाकठीण. शिवाय काकूंचा मुलगा त्याच्या कितीतरी आधी गेलेला!

मी म्हटलं, आधी डिसेंबरात लेकीकडे जाऊन या. चारच्या आतच सूर्य मावळतो तिथे. ते दिवस काढून बघा, मग ठरवा.

तिकिटं काढली आहेत. किल्ली माझ्याकडे राहणार आहे.