कॅथलिक समाजकार्य, अहमदनगर जिल्ह्यातील

महाराष्ट्राच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात कॅथलिक धर्मसंघांनी, विशेषतः जेझुइट संघाने, उभारलेले सेवा व ग्रामविकास यांचे कार्य. दुष्काळपीडितांना अन्नवस्त्र पुरविण्यापासून सुरू झालेले हे कार्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मृद्-जलसंधारणाकडे वळले. त्यातून लोकसहभागी पाणलोट विकासाची जी कार्यपद्धती सिद्ध झाली, तिचा अवलंब पुढे राज्यात व राज्याबाहेर करण्यात आला.

पार्श्वभूमी : अहमदनगर जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी व अनियमित, उतार उघडे आणि मातीचा थर पातळ, यांमुळे अवर्षण हा येथील नित्याचा अनुभव होय. जिल्ह्यातील ख्रिस्ती सेवाकार्याचा आरंभ प्रॉटेस्टंट पंथीय अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये केला. कॅथलिक पंथाचे जेझुइट मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत येथे आले. शाळा, वसतिगृहे व दवाखाने हे त्यांच्या कार्याचे प्रमुख अंग होते. नव्याने ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक दलित समाजातील, अल्पभूधारक वा भूमिहीन असल्यामुळे त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न मिशनपुढे सतत उभा राहिला.

या सेवेकडे समाजाने सरसकट विश्वासाने पाहिले, असे नाही. तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने १९५४ मध्ये नियोगी समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भ. नियोगी हे तिचे अध्यक्ष होते. शाळा, दवाखाने इ. सेवांचा उपयोग धर्मांतरासाठी केला जातो, असा आक्षेप समितीने १९५६ च्या अहवालात नोंदविला. ख्रिस्ती संस्थांनी तो अमान्य केला. तथापि सेवा कोणासाठी व कोणत्या अटीवर, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

सामाजिक विचारातील बदल : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) सामाजिक न्याय व मानवी प्रतिष्ठा यांवर भर दिला. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने १९६२ मध्ये ‘कॅरिटास इंडिया’ ही संस्था स्थापन केली. जर्मनीत १९५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘मिझेरिओर’सारख्या कॅथलिक निधिसंस्थांकडूनही विकासकार्यास साहाय्य मिळू लागले. याच सुमारास स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर (१९२४–२०२१) यांनी अहमदनगर येथे ‘सोशल सेंटर’ या संस्थेद्वारे ग्रामविकासाचे काम हाती घेतले. बाखर १९४८ मध्ये भारतात आले होते. विहिरी व जलसिंचन यांद्वारे लहान शेतकऱ्यास स्वावलंबी करणे, हे आरंभीचे उद्दिष्ट होते.

१९७२ च्या दुष्काळाने या प्रयत्नांच्या मर्यादा स्पष्ट केल्या. धान्यवाटपाने व कामाच्या मोबदल्यात धान्य देण्याने माणसे जगली, परंतु पुढील अवर्षणात तीच गावे पुन्हा मदतीची वाट पाहू लागली. विहिरी खोदूनही भागत नाही, कारण पावसाचे पाणी उघड्या डोंगरउतारावरून मातीसह वाहून गेल्यास विहिरीला झरे लागणार कोठून? तेव्हा उपाय विहिरीत नसून विहिरीच्या वर, माथ्यावर आहे, ही जाणीव पाणलोट विकासाच्या मुळाशी होती. जिल्ह्यातील पिंपळगाव वाघा येथील प्रयोगावर जागतिक बँकेने १९९५ मध्ये अभ्यासपुस्तिका प्रकाशित केली.

कार्यपद्धती : पाणलोट क्षेत्र म्हणजे ज्या भूभागावरील पावसाचे पाणी एकाच ओढ्यास येऊन मिळते, तो भूभाग. त्याचा विकास ‘माथा ते पायथा’ या क्रमाने केला जातो. प्रथम डोंगरउतारावर समतल चर खोदून व झाडे लावून पाण्याचा वेग रोखतात. नंतर घळींत दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती आणि शेवटी ओढ्यावर नालाबांध घालतात. पायथ्याचे काम आधी केल्यास वरून आलेल्या गाळाने ते लवकर निकामी होते.

१९९२ मध्ये कार्यान्वित झालेल्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने या पद्धतीस व्यापक रूप दिले. जर्मन शासनाचे अर्थसाहाय्य राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेमार्फत (नाबार्ड) येई. स्थानिक संस्थांच्या व गावकऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ हा धर्मनिरपेक्ष न्यास स्थापन केला. गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करावी, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी आणि अकुशल श्रमखर्चाचा काही भाग श्रमदानाने सोसावा, अशा अटी होत्या. भूमिहीनांना श्रमदानातून सूट होती. निधीचा विनियोग ग्रामसभेने निवडलेल्या पाणलोट समितीकडे असे व तीत स्त्रिया आणि भूमिहीन यांनाही स्थान असे. प्रत्येक शेताचे नियोजन शेतकरी कुटुंबासमवेत बांधावर बसून होई. धर्म वा जात यांवरून लाभार्थी निवडण्यास या रचनेत वावच नव्हता, कारण माथ्यावरचे शेत वगळून पायथ्याचे शेत सुधारत नाही.

दरेवाडीचा अनुभव : संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे १९९६ पासून काम झाले. पूर्वी तेथे वर्षातून तीन-चार महिनेच शेतीकाम मिळे व उन्हाळ्यात पाण्याचे टँकर लागत. काम पूर्ण झाल्यानंतर रोजगार नऊ-दहा महिन्यांपर्यंत वाढला. २००३ मध्ये अवघा सु. ३५ सेंमी. पाऊस पडूनही २००४ च्या उन्हाळ्यात टँकरची गरज भासली नाही.

परंतु चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. ज्यांची उपजीविका मेंढ्या-शेळ्यांवर होती, त्या कुटुंबांचा तिला विरोध होता. संपूर्ण क्षेत्र एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करावे, अशी तडजोड करून तो शमविण्यात आला. वाढलेल्या भूजलाचा थेट लाभ मात्र विहीर असलेल्या जमीनधारकास अधिक मिळतो. भूमिहीनास तो मुख्यतः वाढीव मजुरीच्या व चाऱ्याच्या रूपाने मिळतो.

मूल्यमापन : या अनुभवाच्या आधारे केंद्र शासनाने १९९९–२००० मध्ये नाबार्ड अंतर्गत पाणलोट विकास निधी निर्माण केला. धार्मिक प्रेरणेतून आरंभ झालेले कार्य लोकसंस्थांच्या व शासनाच्या हाती सोपविले गेले, हे त्याचे वैशिष्ट्य होय. मात्र अडविलेले पाणी नव्या विहिरींनी व अधिक पाणी लागणाऱ्या पिकांसाठी उपसले गेल्यास मूळ टंचाई परत येते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याच प्रश्नाशी निगडित आहे. पाणी अडविण्याचे काम काही वर्षांत संपते, परंतु ते वाटून घेण्याचा करार गावाला दरवर्षी नव्याने पाळावा लागतो. या कार्याचे टिकाऊपण त्यावरच अवलंबून आहे.