धोटा डोकी मोजत नाही

रावेर मागे पडले की तापीच्या काठी बऱ्हाणपूर लागते. इथल्या तलम पांढऱ्या कापडाबद्दल सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये लिहून गेला; ते कापड इराण, तुर्कस्तानापर्यंत जात असे. आज तेच गाव यंत्रमागांच्या खडखडाटावर जगते. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड, आत दाटीने लावलेले माग, मधून जेमतेम माणूस जाईल एवढी वाट.

साध्या मागावर आडवा धागा नेणारा लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून आरपार जातो. त्याच्या दोन्ही टोकांना पोलादी टोक असते आणि बाजूची काठी त्याला ठोसा मारून फेकते. ताण्याचे धागे तुटून गुंतले किंवा धोट्याची पेटी झिजली की धोट्याची वाट चुकते आणि तो मागाबाहेर उडतो. समोर कोणाचा डोळा आहे, कोणाचे कपाळ, हे नशिबावर. तो अडवायला मागावर एक साधी लोखंडी सळई बसवता येते. पण धागा जोडताना ती आड येते, म्हणून पुष्कळदा काढून ठेवली जाते. विणकराची मजुरी मीटरवर ठरते. माग थांबला की कमाई थांबते. त्यामुळे तेल घालणे, कचरा झटकणे, गुंता सोडवणे हे सगळे चालत्या मागावरच होते. निष्काळजी म्हणून विणकराला दोष देणाऱ्यांनी आधी मजुरीची ही पद्धत पाहावी.

१९४८च्या कारखाना अधिनियमाला हे सगळे ठाऊक होते. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण हवे, असे त्याचे कलम २१ सांगत असे. चालते यंत्र तपासायचेच असेल तर ते प्रशिक्षित प्रौढ माणसाने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच तपासावे आणि ते कपडे कारखान्याने द्यावेत, असे कलम २२ म्हणत असे. लुंगी आणि सैल सदरा घालून माग फिरवणाऱ्या पट्ट्याजवळ वाकणाऱ्या माणसासाठीच जणू हे लिहिले होते.

पण हा कायदा दारातच डोकी मोजत असे. वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० किंवा अधिक कामगार असले तर तो कारखाना, ही १९४८ची मूळ व्याख्या. समजा, शेडमध्ये २४ माग आहेत आणि एकेका विणकराकडे सहा. म्हणजे एका पाळीत चौघे. ‘आमच्याकडे चारच माणसे,’ असे मालक म्हणेल. मात्र दिवसभरातल्या सगळ्या पाळ्यांतले कामगार एकत्र मोजायचे, असे त्याच व्याख्येचे स्पष्टीकरण सांगत असे. दोन पाळ्यांचे आठ विणकर, दोन कांडी भरणारे, मागांची दुरुस्ती पाहणारा एक जॉबर : अकरा झाले. शेड कायद्याखाली आली.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी या अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि विजेवरच्या कारखान्यासाठीची मर्यादा २० झाली. आपली अकरा जणांची शेड आता ‘कारखाना’ राहिली नाही. १० किंवा अधिक कामगारांची ‘आस्थापना’ म्हणून मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये, ठरावीक वयाच्या कामगारांची मोफत वार्षिक आरोग्य तपासणी, असे काही तिच्याकडे उरते. नऊ जणांच्या शेडला तेही नाही. धोट्याचा वेग मात्र दोन्हीकडे सारखाच.

याच गावातल्या सायझिंगकडे पाहा. ताण्याला खळ चढवून तो वाळवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर. बॉयलरचा कायदा १९२३चा, २०२५मध्ये नव्याने केलेला. नोंदणी, नियमित तपासणी, प्रमाणपत्र हे सारे तो बॉयलरची क्षमता आणि दाब पाहून मागतो. तिथे किती माणसे राबतात हे विचारत नाही. यंत्रमागालाही हाच न्याय हवा, असे माझे ठाम मत आहे. धोट्यापुढची सळई आणि पट्ट्यावरची जाळी मागाबरोबर सक्तीची करावी, मग तो माग एकट्या माणसाचा असो.

आवाज आणि कापसाची धूळ हे हळू होणारे अपघात. ९० डेसिबलमध्ये आठ तास, ही आपल्याकडची कमाल मर्यादा. यंत्रमागाची शेड ती सहज ओलांडते. कापसाच्या धुळीने छाती आवळण्याचा बिसिनोसिस हा आजार सुट्टीनंतर कामावर परतल्या दिवशी अधिक जाणवतो. जिनिंग आणि सूतकताईत त्याचा धोका विणकामाहून मोठा. बहिरेपणा आणि बिसिनोसिस हे दोन्ही कायद्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत.

नुकसानभरपाईचा कायदा मात्र लहान शेडलाही सोडत नाही. १९२३पासून चालत आलेल्या, आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेल्या या तरतुदींना विजेवरच्या कामाच्या जागी माणसांची किमान संख्या लागत नाही. कर्मचारी राज्य विमा लागू नसेल तिथे त्या लागू होतात. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असे धरतात. तीस वर्षांचा, महिना १०,००० मिळवणारा विणकर असेल तर मजुरीचे साठ टक्के म्हणजे ६,०००, गुणिले वयानुसारचा गुणक २०७.९८ आणि त्याचे १४ टक्के : सुमारे पावणेदोन लाख रुपये. दवाखान्याचे बिल भरून आणि हातावर काही हजार ठेवून प्रकरण मिटवले जाते, तेव्हा हा आकडा समोर असायला हवा.

पण त्यासाठी जखम कुठे झाली हे दाखवावे लागते, आणि या धंद्यात नेमणुकीचा कागद क्वचितच असतो. म्हणून विणकरांना आणि त्यांच्या घरच्यांना विनंती आहे : दवाखान्यातल्या पहिल्याच केसपेपरवर ‘यंत्रमागावर काम करताना’ हे शब्द, तारीख आणि शेडचा पत्ता लिहून घ्या, आणि मजुरीच्या हिशेबाची वही जपून ठेवा.