एडिंबऱ्याचे पब: पाटीवरचं साल आणि आतलं लाकूड

एडिंबऱ्यात 'शहरातला सर्वांत जुना पब' हा मान एकाहून अधिक पब सांगतात. ग्रासमार्केटमधला व्हाइट हार्ट इन १५१६ हे साल मिरवतो. शहराच्या कडेला, आर्थर्स सीट या डोंगराच्या पायथ्याशी डडिंग्स्टन नावाचं जुनं खेडं आहे. तिथला शीप हीड इन तर थेट १३६० पर्यंत मागे जातो. ही सालं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. जागा जुनी असते, तळघराचे दगड जुने असतात. पण त्यावर उभ्या असलेल्या भिंती, काउंटर, छत, बाकं हे सगळं बरंच नंतरचं असतं, कित्येकदा अगदी अलीकडचं. म्हणून स्कॉटलंडच्या या राजधानीत पबांची पायी फेरी काढायची असेल, तर साल बघून पब निवडू नयेत असं माझं ठाम मत आहे. जुन्या शहरात बघण्यासारखं जे आहे ते बहुतेक पबच्या बाहेर, बोळांत आहे. आणि हात न लागलेला जुना पब बघायचा तर जुन्या शहराबाहेर, बहुधा दरी ओलांडून नव्या शहरात, जावं लागतं.

सुरुवात किल्ल्यापासून करावी. किल्ल्यापासून होलिरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रस्ता म्हणजे रॉयल माइल. त्याच्या दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यांसारखे अरुंद बोळ फुटतात. अठराव्या शतकात या बोळांत दहा-दहा मजल्यांची घरं उभी होती. तटबंदीच्या आत जागा नव्हती, म्हणून शहर वर वाढलं. एकाच जिन्यावर न्यायाधीश राहायचा, शिंपी राहायचा, मोलकरीणही राहायची. घर म्हणजे दोन-तीन खोल्या. मग माणसांनी भेटायचं कुठे? टॅव्हर्नमध्ये. वकील अशिलाचं प्रकरण तिथेच ऐकून घ्यायचे, डॉक्टर रोग्याला तिथेच भेटायचे, व्यापारी सौदे तिथेच ठरवायचे. प्यायला बोर्डोची लाल वाइन, कारण लीथ बंदराचा फ्रान्सशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार होता. खायला फोर्थच्या खाडीतली कालवं. ही कालवं खाण्यासाठी खास तळघरं होती आणि तिथे प्रतिष्ठित घराण्यांतल्या बायकाही पुरुषांच्या बरोबरीने येऊन बसत. हे लक्षात ठेवावं. पुढे त्याचा संबंध येणार आहे. रात्री दहाला शहररक्षकांचा ढोल वाजला की पांगापांग व्हायची.

लॉनमार्केटच्या भागात जेम्स कोर्ट हे आवार लागतं. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम इथे राहायचे आणि नंतर त्यांचीच जागा लेखक जेम्स बॉस्वेलने भाड्याने घेतली. १७७३ साली इंग्रज कोशकार डॉक्टर जॉन्सन स्कॉटलंडच्या दौऱ्यावर आले तेव्हा बॉस्वेलने त्यांना याच आवारातल्या आपल्या घरी उतरवून घेतलं. आज इथे जॉली जज नावाचा बुटक्या छताचा छोटासा पब आहे. थोडं खाली गेलं की डीकन ब्रॉडीज टॅव्हर्न. विल्यम ब्रॉडी हा सुतारांच्या संघाचा प्रमुख आणि नगरसभेचा सदस्य. दिवसा प्रतिष्ठित कारागीर, रात्री घरफोड्या. १ ऑक्टोबर १७८८ रोजी तो फासावर गेला. पबच्या पाटीवर त्याची दोन्ही रूपं रंगवली आहेत आणि पर्यटकांची तिथे झुंबड असते. मला विचाराल तर जवळच्याच लेडी स्टेअर्स क्लोजमधल्या रायटर्स म्युझियममध्ये आधी जावं. तिथे ब्रॉडीने स्वतः घडवलेलं एक कपाट आहे. ते रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या लहानपणी त्याच्या खोलीत होतं. १८८६ साली जेकिल आणि हाइड या एकाच माणसाच्या दोन रूपांची गोष्ट प्रसिद्ध करणारा लेखक लहानपणी हे कपाट बघत झोपायचा, हे कळल्यावर त्या पाटीकडे वेगळ्या नजरेने बघता येतं.

या फेरीतला माझा सर्वांत आवडता थांबा मात्र असा आहे जिथे आज पबच नाही. हाय स्ट्रीटवरून खाली उतरणाऱ्या अँकर क्लोज या बोळात डॉनी डग्लसची टॅव्हर्न होती आणि त्याच बोळात विल्यम स्मेलीचा छापखाना होता. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची पहिली आवृत्ती १७६८ ते १७७१ या काळात निघाली, तिचा संपादक हाच स्मेली. १७८७ साली रॉबर्ट बर्न्सच्या कवितांची एडिंबरा आवृत्ती त्याच्या छापखान्यात तयार झाली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एअरशायरचा शेतकरी प्रुफं तपासायला या उतारावरून खाली यायचा, आणि काम आटोपलं की स्मेली त्याला डग्लसकडे न्यायचा. तिथे क्रोचॅलन फेन्सिबल्स नावाची मंडळी जमायची. डग्लस स्वतः एक गेलिक गाणं म्हणायचा, त्यावरून हे नाव पडलं. थट्टामस्करी, वाद, गाणी. त्यात कुणी कुणाला सोडायचं नाही. विश्वकोश, कवितासंग्रह आणि दारूचा अड्डा अवघ्या काही पावलांवर! अठराव्या शतकातल्या स्कॉटिश प्रबोधनावर जाडजूड ग्रंथ आहेत, पण ते घडलं कसं हे या अरुंद, ओल्या बोळात उभं राहिल्यावर जितकं समजतं तितकं त्या ग्रंथांतून समजत नाही.

रॉयल माइलवर आणखी खाली वर्ल्ड्स एंड हा पब आहे. १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा पडला आणि इंग्रज येतील या धास्तीने शहराने तटबंदीचं काम हाती घेतलं. तिची नेदरबो ही वेस इथे होती. शहराची हद्द इथे संपायची, म्हणून पबचं हे नाव. १७६४ साली वेस पाडली. पबमध्ये शिरण्याआधी रस्त्याकडे बघावं. फरसबंदीत पितळी ठोकळे बसवलेले दिसतात. वेशीचा नकाशा त्यांनी जमिनीवर आखून ठेवला आहे.

ग्रासमार्केटच्या पबांबद्दल थोडक्यात सांगतो. इथे जाहीर फाशी दिली जायची आणि दोन पबांची नावं त्यावरूनच आहेत. त्यांतलं मॅगी डिक्सन हे नाव विनोदाने घेतलं जातं, ते मला खटकतं. गरोदरपण लपवलं आणि मूल मेलेलं सापडलं, एवढ्यावर आईला खुनी ठरवण्याची मुभा देणारा १६९० चा कायदा होता. मॅगीला त्याखाली १७२४ मध्ये फाशी दिली. मृतदेह मसलबरा गावी नेत असताना ती शुद्धीवर आली आणि पुढे अनेक वर्षं जगली. त्या कायद्याने गेलेल्या इतर बायकांच्या नावाचा पब नाही.

तिथून चढ चढून फॉरेस्ट रोडवर यावं. सँडी बेल्स हा साधा, लांबट पब. १९५१ साली एडिंबरा विद्यापीठात स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं. तिथला हेमिश हेंडरसन हा कवी आणि लोकगीतांचा संग्राहक इथे नित्य यायचा. भटक्या जमातींच्या तोंडी असलेली गाणी त्याने गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रित केली, आणि त्या गाण्यांना शहरात जे घर मिळालं ते हे. आजही इथे व्यासपीठ नाही, तिकीट नाही. मागच्या टेबलाभोवती फिडल, अकॉर्डियन, बासरी घेऊन मंडळी बसतात आणि वाजवू लागतात. त्यांच्या खुर्च्या सोडून बसावं आणि मध्येच बोलू नये, एवढं पाळलं की झालं. जवळच बेडलम नावाचं नाट्यगृह आहे. या भागात पूर्वी वेड्यांचं इस्पितळ होतं, त्यावरून हे नाव. १७७४ साली तिथे रॉबर्ट फर्ग्युसन वारला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. टॅव्हर्नमधल्या संध्याकाळी, कालवं, शहररक्षक, सणावारी उसळणारी गर्दी हे सगळं स्कॉट्स बोलीत कवितेत आणणारा तो मोठा कवी. पोटासाठी तो कागदपत्रांच्या नकला उतरवायचा. बर्न्स त्याला आपला थोरला भाऊ मानायचा आणि कॅननगेटच्या दफनभूमीतला त्याचा दगड बर्न्सनेच बसवून घेतला.

आता नवं शहर. १७६७ साली जेम्स क्रेगच्या आराखड्यानुसार दरीच्या पलीकडे सरळ, रुंद रस्त्यांचं शहर वसू लागलं. पैसेवाले तिकडे गेले, त्यांना मोठी घरं मिळाली आणि टॅव्हर्नमधलं एकत्र जगणं आटत गेलं. एकोणिसाव्या शतकात दारूबंदीची चळवळ जोरात होती. १८५३ च्या फोर्ब्स मॅकेन्झी कायद्याने पब रात्री अकराला आणि रविवारी दिवसभर बंद झाले. रविवारी फक्त हॉटेलात आणि तीही खऱ्याखुऱ्या प्रवाशालाच दारू मिळायची, म्हणून कित्येक तहानलेले लोक शेजारच्या गावाचे 'प्रवासी' व्हायचे. पबांवरची ही रविवारची बंदी १९७६ च्या कायद्यापर्यंत टिकली. परवाने देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांपुढे आपली जागा सभ्य आहे हे दाखवण्यासाठी मालकांनी पैसा ओतला. महॉगनी, पितळ, नक्षीचे आरसे, रंगीत काचा, फरशांची चित्रं. आपल्याकडच्या जुन्या इराणी हॉटेलांतले आरसे आणि बेंटवूडच्या खुर्च्या ज्यांनी जीव लावून बघितल्या आहेत, त्यांना इथे चटकन आपलं काही सापडल्यासारखं वाटेल.

रोज स्ट्रीटवरचा ॲबट्सफर्ड १९०२ चा. मधोमध लाकडी कोरीवकामाचा बेटासारखा बार, चारी बाजूंनी गिऱ्हाईक, आत उभ्या माणसाला एका नजरेत सगळे दिसतात. टॉलक्रॉसचा बेनेट्स नव्या शहराबाहेर, थोडा लांब आहे, पण चुकवू नये. काउंटरवर पितळेचे छोटे नळ आहेत, व्हिस्कीत थेंबभर पाणी घालायला. दाराजवळ एक चिमुकली कोठडी आहे, तिला जग बार म्हणतात. घरी न्यायची बिअर तिथून भांड्यात भरून मिळायची. न्यूइंग्टनच्या लेस्लीज बारमध्ये काउंटरवर लाकडी पडदा आहे आणि त्याला पैसे देण्यापुरत्या खिडक्या. पिणाऱ्याचा चेहरा पलीकडच्याला दिसू नये, यासाठी. कोण कुणाबरोबर पीत नव्हतं हे या लाकडात कोरून ठेवलेलं आहे. कालवांच्या तळघरांत मोकळेपणाने बसणाऱ्या बायका या व्हिक्टोरियन पबांमधून जवळपास हद्दपार झाल्या. विसाव्या शतकाचा बराच काळ कित्येक स्कॉटिश पबांत बायकांसाठी स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं. इतकी देखणी दालनं, आणि अर्ध्या शहराला तिथे जागा नाही.

कॅफे रॉयल या पबसाठी हाताशी पुरेसा वेळ ठेवावा. इमारत १८६३ ची. भिंतींवर डोल्टन कंपनीच्या रंगीत फरशांतली मोठाली चित्रं आहेत, जॉन एअरने रेखाटलेली. राजे नाहीत, लढाया नाहीत. जेम्स वॅट, मायकेल फॅरडे, जॉर्ज स्टीव्हन्सन, मुद्रक कॅक्स्टन, बेंजामिन फ्रँकलिन अशी माणसं आपापल्या कामात आहेत. फरशांचे सांधे जवळून बघावेत. रंग आजही ओला वाटावा इतका ताजा आहे. १९६९ साली शेजारच्या वूलवर्थ दुकानाच्या विस्तारासाठी हे सगळं पाडायचं ठरलं होतं. हजारो नागरिकांनी सह्या केल्या, आणि पुढच्या वर्षी इमारतीला संरक्षण मिळालं. हे दालन आज उभं आहे ते त्या सह्यांमुळे.

प्यायचं काय, हाही प्रश्न असतोच. एकोणिसाव्या शतकात एडिंबरा हे मद्यनिर्मितीचं मोठं केंद्र होतं, कारण जमिनीखालचं पाणी कठीण आणि बिअरला मानवणारं. इथली पेल एल जहाजांतून मुंबई-कोलकात्याच्या बंदरांपर्यंत यायची, तिथल्या गोऱ्या अंमलदारांसाठी आणि शिपायांसाठी. स्कॉटलंडची संसद आज जिथे आहे तिथे पूर्वी यंगर कंपनीचा मद्याचा कारखाना होता. जुन्या पद्धतीची स्कॉटिश एल 'साठ शिलिंग', 'सत्तर शिलिंग', 'ऐंशी शिलिंग' या नावांनी ओळखली जाते. पूर्वीच्या पिंपाच्या भावावरून पडलेली ही नावं. आकडा जितका मोठा तितकी ती कडक. जुनी मंडळी 'हाफ अँड अ हाफ' मागतात, म्हणजे अर्धा पाइंट बिअर आणि सोबत छोटी व्हिस्की. व्हिस्कीचं माप २५ किंवा ३५ मिलिलिटर, आणि कोणतं ते पबला लिहून लावावं लागतं. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची. रांग दिसत नाही, पण असते; आपल्या आधी कोण आलं होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. न पिणाऱ्यालाही कुणी अडवत नाही. शाकाहाऱ्यांसाठी डाळी आणि ओटचं हॅगिस बहुतेक ठिकाणी मिळतं. गाडी चालवायची असेल तर एक घोटही नको. इथली रक्तातल्या मद्याची मर्यादा २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे. रोज स्ट्रीटवरच्या प्रत्येक पबमध्ये एकेक पेला रिचवण्याची पैज तरुण पोरं लावतात. त्यात पब एकही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सवड असेल तर वेव्हर्ली स्टेशनवरून बॉर्डर्स रेल्वेने न्यूटनग्रेंजला जावं, वीसेक मिनिटांचा रस्ता. ही कोळसा खाणकामगारांची वस्ती. इथली डीन टॅव्हर्न १८९९ ची, स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहराच्या पद्धतीवर चालवलेली. भागधारकांनी नफ्यातून पाच टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, उरलेलं सगळं गावासाठी खर्च करायचं. गावातली बाग आणि बोलिंगचं मैदान या पैशातून उभं राहिलं. खाणी बंद पडल्या. टॅव्हर्न आजही विश्वस्तांच्या हाती आहे, आणि नफा गावातल्या संस्थांकडे जातो.